टेरर बाय नाइट

टेरर बाय नाइट (१९४६) : युनिव्हर्सल या अमेरिकन कंपनीचा शेरलॉक होम्सवरील कृष्णधवल रहस्यपट. लांबी अवघी साठ मिनिटे. दिग्दर्शक रॉय विल्यम नील, पटकथाकार फ्रँक ग्रूबर. बेसिल रॅथबोन (होम्स) आणि नायजेल ब्रूस (डॉ. वॉटसन) या जोडीने १९३९ ते १९४६ या काळात होम्सचे चौदा चित्रपट केले, त्यांतला हा तेरावा. पहिले दोन ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सने सढळ हाताने, व्हिक्टोरियन काळ उभा करून काढले होते. पुढचे बारा युनिव्हर्सलचे. या कंपनीने होम्सला घोडागाडीतून उतरवून मोटारीत बसवले, म्हणजे कथा चालू काळात आणली. महायुद्धाच्या दिवसांत शत्रूच्या हेरांशी झुंजणारा होम्स खपेल हा हिशेब त्यामागे होता, आणि जुन्या काळचे पोशाख, गाड्या, रस्ते यांचा खर्चही आपोआप वाचला.

अशा स्वस्त चित्रपटांना अमेरिकेत बी-चित्रपट म्हणत. १९३०च्या दशकातल्या मंदीत प्रेक्षक टिकवण्यासाठी तिथल्या थिएटरांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. एक बड्या नटनट्यांचा आणि दुसरा त्याच्या जोडीला दिलेला, तास-सव्वा तासाचा. बड्या चित्रपटाचे भाडे गल्ल्याच्या टक्केवारीवर ठरे. जोडीच्या चित्रपटाचे मात्र सहसा ठोक. तो कितीही चालला तरी कंपनीच्या हाती यायचे तेवढेच यायचे, तेव्हा नफा हवा असेल तर कात्री खर्चालाच लावावी लागे. त्यातून तेच सेट, तेच दुय्यम नट आणि आधीच काढून ठेवलेली दृश्ये पुन्हा पुन्हा वापरण्याची रीत पडली. मालिकेचे पात्र असले की आणखी सोय. ओळख करून देण्यात फूटभर फिल्मही घालवावी लागत नाही. टोकदार नाकाचा रॅथबोन दारात उभा राहिला की झाले.

‘टेरर बाय नाइट’मध्ये ही काटकसर पटकथेतच मुरली आहे. जवळजवळ सारी कथा एका रात्रीत, लंडनच्या यूस्टन स्थानकावरून एडिंबरोला निघालेल्या गाडीत घडते. एक लांब बोळ, चारदोन कूपे, भोजनाचा डबा आणि सामानाचा डबा एवढ्यावर भागते. गाडी धावत असल्यामुळे खुनी आतलाच कोणीतरी, हे वेगळे सांगावे लागत नाही. बोळ इतका अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरल्याशिवाय दुसरा पुढे जात नाही, आणि नील त्याचा फायदा घेतो. प्रत्येक दार बंद, प्रत्येक दाराआड एक संशयित. मोठे बजेट मिळाले असते तर बहुधा एखादा प्रशस्त वाडा आणि पाठलाग आला असता, आणि ही कोंडी हातची गेली असती.

लेडी मार्गारेट कारस्टेअर्स ‘स्टार ऑफ ऱ्होडेशिया’ नावाचा हिरा घेऊन परत निघाली आहे. त्याच्या राखणीसाठी तिचा मुलगा रोलंड होम्सला बोलावतो आणि गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात स्वतःच मारला जातो. हिऱ्याची डबी रिकामी. खरा हिरा मात्र होम्सने आधीच बदलून ठेवलेला असतो. (चित्रपट पाहायचा असेल तर हा परिच्छेद इथेच सोडावा.) सामानाच्या डब्यातल्या एका शवपेटीला चोरकप्पा आहे, त्यातून माणूस लपवून आणला गेला आहे आणि त्याच्याजवळ विषारी बाण सोडणारी हवेची बंदूक आहे. सूत्रधार निघतो तो वॉटसनचा जुना दोस्त मेजर डंकन-ब्लीक, म्हणजेच होम्सचा हाडवैरी प्राध्यापक मोरिआर्टी याचा साथीदार कर्नल मोरान. ही भूमिका ॲलन मोब्रेची. गंमत अशी की १९३३च्या एका होम्सपटात स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर लेस्ट्रेड झाला होता तोही हाच मोब्रे.

चित्रपट होम्सचा जनक कॉनन डॉइल याच्या कोणत्याही एका कथेवर बेतलेला नाही. सुटे भाग मात्र त्याच्याच कारखान्यातले. मोरान आणि त्याची हवेची बंदूक ‘द एम्प्टी हाउस’ या कथेतली, संशयास्पद शवपेटी लेडी फ्रान्सिस कारफॅक्सच्या कथेतली. मूळ कथेत मोरान हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतला वाघमाऱ्या शिकारी आहे. वॉटसनचाही हिंदुस्थानशी संबंध आहेच : ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये तो अफगाण युद्धावर जाताना मुंबई बंदरात उतरतो आणि आपली पलटण खिंडी ओलांडून पुढे गेल्याचे त्याला तिथेच कळते.

नायजेल ब्रूसच्या वॉटसनवर होम्सचे कट्टर वाचक आजही नाराज असतात. मूळचा वॉटसन समंजस, धीट डॉक्टर. ब्रूसने त्याचा गोंधळलेला, गुरगुरणारा काका केला. तक्रार रास्त आहे. पण या चित्रपटातून तो काका वगळला तर खाली नुसते कोडे उरेल. इथे तो स्वतःच तपास करायला निघतो. गणिताच्या एका प्राध्यापकाची उलटतपासणी घ्यायला जातो आणि दोन मिनिटांत प्राध्यापकच त्याला आरोपीसारखे झाडू लागतो. दुसऱ्या कूप्यात एक मध्यमवयीन जोडपे त्याला पाहताच घाबरते आणि गुन्हा कबूल करते : लंडनच्या हॉटेलातून आठवण म्हणून चहाची किटली उचलली! खुनाशी तिचा काडीचा संबंध नाही. तरी चित्रपट पाहून झाल्यावर हिऱ्याआधी ही किटलीच आठवते. डेनिस होईचा लेस्ट्रेडही याच जातीचा. मालिकेतली ही त्याची सहावी आणि शेवटची हजेरी.

उणिवा लपत नाहीत. बाहेरून दिसणारी गाडी साठवणीतल्या फिल्ममधून घेतलेली असल्यामुळे ती प्रत्येक वेळी तीच नसते. इंजिने आणि डबे बदलत राहतात, आणि रेल्वेवेड्यांना ते मोजण्यात चित्रपटाइतकीच मजा येते. होम्सला कोणीतरी चालत्या गाडीच्या दारातून ढकलते, तो बाहेर लोंबकळत राहतो, हा प्रसंग तर उघडच स्टुडिओतला आहे. वारा आणि आवाज यांच्या जोरावर तरीही तो अंगावर येतो.

१९४६च्या अखेरीस युनिव्हर्सलची नवी व्यवस्था आली आणि बी-चित्रपट बंद झाले. त्याच डिसेंबरात नील वारला. रॅथबोनने याआधीच होम्सला रामराम ठोकला होता. अमेरिकी कायद्याप्रमाणे तेव्हा अठ्ठावीस वर्षांनी प्रताधिकाराचे नूतनीकरण करावे लागे. या मालिकेतल्या चार चित्रपटांचे ते झाले नाही, त्यांत हाही होता. मग कोणीही त्याची प्रत काढून विकू लागला : दूरदर्शन वाहिन्या, व्हिडिओ कॅसेट, स्वस्त डीव्हीडी, पुढे रंग चढवलेली आवृत्ती आणि इंटरनेट. ज्यांच्या वाट्याला मालिकेतले बाकीचे चित्रपट कधी आले नाहीत त्यांनीही हा पाहिलेला असतो, तो त्यामुळे. मात्र प्रतीची प्रत काढत गेलेल्या या फिल्ममध्ये काळे आणखी काळे झाले होते. शेवटी डब्यातले दिवे जातात आणि झटापट होते, तेव्हा नुसते धप्प-धप्प ऐकून अंदाज बांधावा लागे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील चित्रपट संग्रहालयाने नंतर ही मालिका दुरुस्त केली. त्या प्रतीत अंधारात कोटाखाली कोण झाकला गेला, ते नीट पाहणाऱ्याला होम्सने सांगण्याआधी ओळखता येते.