वजन-आकारमान रूपांतर, पाककृतींतील

कप-चमच्यांत सांगितलेला जिन्नस ग्रॅममध्ये, किंवा ग्रॅममधला कप-चमच्यांत, बसवून घेण्याची रीत. आकारमानाला घनतेने गुणले की वजन मिळते, सूत्र एवढेच. घोळ होतो तो कप कोणता आणि तो भरला कसा, या दोन ठिकाणी.

अमेरिकी कप हा गॅलनचा सोळावा हिस्सा, म्हणजे २३६.६ मिलि. असतो. हा गॅलन २३१ घन इंचांचा. राणी अ‍ॅनच्या काळात इंग्लंडने तो मद्यासाठी ठरवला होता. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने तो सोडला आणि ६२ अंश फॅ. तापमानाचे १० पौंड पाणी मावेल तो गॅलन मानला. थोडक्यात, आकारमानाची व्याख्याच वजनावरून केली. त्या हिशेबाने अर्ध्या पिंटाचा (पिंट म्हणजे गॅलनचा आठवा हिस्सा) कप २८४ मिलि. होतो. याशिवाय मेट्रिक कप २५० मिलि. व जपानी कप २०० मिलि. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलि., ऑस्ट्रेलियात मात्र २० मिलि.

अमेरिकेत तराजूऐवजी कप का रुजला, याविषयी मतभेद आहेत. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतकऱ्यांना तराजू वाहून नेणे जड जाई, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. तथापि ‘चहाचा कपभर’, ‘अंड्याएवढे लोणी’ अशी सैल मापे एकोणिसाव्या शतकातील पाकपुस्तकांत होतीच. त्यांना नेमकेपणा आणण्याचे श्रेय शतकाअखेरच्या पाकशाळांकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बॉस्टन पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांच्या १८९६ मधील पाकपुस्तकात कप व चमचा सपाट भरावा, असा स्पष्ट दंडक आहे. शिगोशीग भरण्याला तेथे थारा नाही.

द्रवांचे रूपांतर सोपे असते. अमेरिकी कपभर पाणी २३७ ग्रॅ., दूध सुमारे २४४, तेल २१८, तर मध ३४० ग्रॅ.च्या आसपास भरतो. पिठांचे तसे नाही. चमच्याने हलकेच घालून सुरीच्या पाठीने निपटलेला कपभर मैदा साधारण १२० ग्रॅ. भरतो, तोच कप डब्यात खुपसून काढला तर १४० ते १५० ग्रॅ. भरू शकतो. कपात निम्म्याहून अधिक हवाच असते आणि दाब, चाळणी किंवा कप ओट्यावर आपटणे यांनी तिचे प्रमाण बदलते. म्हणूनच ‘एक कप चाळलेला मैदा’ आणि ‘एक कप मैदा, चाळून’ ही दोन वेगळी मापे आहेत. साखरेचे दाणे फारसे दबत नसल्याने कपाला २०० ग्रॅ. हा आकडा बऱ्यापैकी विश्वसनीय ठरतो. मिठात दाण्याचा आकार आडवा येतो: लहान चमचाभर बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅ., पापुद्र्यांचे मीठ जेमतेम त्याच्या निम्मे.

तक्त्यांतले आकडे परस्परांशी जुळत नाहीत ते बहुधा याच कारणांनी. चिरलेल्या भाज्या व पाने यांना ठरावीक घनताच नसते. त्यांच्यासाठी दिलेले आकडे अदमासाचे समजावेत.