फौजदारी खटल्यांचे अभिलेख व नकला (कोल्हापूर जिल्हा)

फिर्याद, दोषारोपपत्र, जबाब, पंचनामे, रोजनामा, अंतरिम आदेश आणि निकालपत्र अशा कागदांनी बनलेली खटल्याची फाइल म्हणजे फौजदारी न्यायालयीन अभिलेख. त्यातल्या कागदाची न्यायालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेली प्रत म्हणजे प्रमाणित प्रत. कोल्हापूरच्या कोर्टात मात्र ‘प्रमाणित प्रत’ हा शब्द छापील अर्जावरच राहतो. वकील, कारकून आणि पक्षकार सगळे ‘नक्कल’ म्हणतात.

नक्कल मागायला येणाऱ्यांत अपील करणारे असतात, तसे खटला केव्हाच मागे पडलेलेही असतात. शिरोळ-हातकणंगल्याकडे ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवल्याबद्दल एखाद्या मुलाचे नाव गुन्ह्यात येते. पुढे तो पोलीस भरतीला उतरतो, परदेशी नोकरीसाठी पासपोर्ट काढतो किंवा निवडणुकीला उभा राहतो, आणि चारित्र्य पडताळणीत किंवा उमेदवारीच्या प्रतिज्ञापत्रात तो जुना गुन्हा वर येतो. ‘सुटलो’ असे तोंडी सांगून भागत नाही, निकालाची नक्कल जोडावी लागते. आंदोलनातले गुन्हे सरकारने मागे घेतल्याची बातमी वाचून निर्धास्त झालेल्यांची फसगत जास्त होते. सरकारच्या निर्णयाने खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने त्याला संमती द्यावी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६०, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१). अशा वेळी हाती हवी ती त्या संमतीच्या आदेशाची नक्कल. वर्तमानपत्राचे कात्रण तिथे कुणी विचारात घेत नाही.

शोध. एखाद्याचे नाव टाकताच राज्यभरातले त्याचे सगळे खटले दाखवील अशी सार्वजनिक नोंदवही महाराष्ट्रात नाही. अभिलेख माणसाच्या नावाने लावलेले नसतात. ते खटल्याच्या नंबराने आणि त्या-त्या न्यायालयात असतात. म्हणून पहिला प्रश्न असतो तो कोणत्या कोर्टात, हा. जिल्हा व सत्र न्यायालय कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात आहे. किरकोळ व मध्यम स्वरूपाचे गुन्हे तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. सत्र न्यायालये इचलकरंजी आणि गडहिंग्लजलाही बसतात, त्यामुळे चंदगडकडच्या खुनाच्या खटल्याचा शोध कोल्हापुरात सुरू करण्याआधी गडहिंग्लजला करावा. एवढ्यानेही एक हेलपाटा वाचतो.

शोधाचा सगळ्यात भरवशाचा धागा म्हणजे पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा, करवीर अशा प्रत्येक ठाण्याचा क्रम स्वतंत्र असतो आणि दर वर्षी तो एकपासून सुरू होतो, त्यामुळे ‘गु.र.नं. अमुक’ एवढेच सांगून उपयोग नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून हे तीन तपशील भरले की खटला निघतो. तिथेच खटल्याचा सीएनआर मिळतो. हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असून त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष ओळीने गुंफलेले असतात. तो एकदा टिपून ठेवला की पुढे बाकी काही लागत नाही.

नावानेही शोधता येते, पण तो मार्ग निसरडा आहे. निदान तीन अक्षरे आणि वर्ष द्यावे लागते. चालू, निकाली की दोन्ही, हेही सांगावे लागते, आणि नेमके ‘चालू’वर ठेवून ‘काही सापडत नाही’ म्हणणारे पुष्कळ. शिवाय नोंदी बहुधा रोमन लिपीत. चौगुले, घाटगे ही आडनावे रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिली जातात, आणि पाटील म्हटले तर या जिल्ह्यात याद्यांवर याद्या निघतात. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात एका बाजूला महाराष्ट्र शासन असते आणि आरोपी अनेक असतील तर ठळकपणे पहिल्याचेच नाव दिसते. यादीत नाव दिसले नाही म्हणून खटला नाही असे धरू नये. दिसले तरी तो आपलाच माणूस आहे असेही धरू नये. वडिलांचे नाव, गाव आणि वय जुळल्याशिवाय कुणाबद्दल तोंड उघडू नये हे बरे.

खटल्याचा नंबर वाटेत बदलतो, हा दुसरा चकवा. दंडाधिकाऱ्यांपुढे तो नियमित फौजदारी खटला, म्हणजे कोर्टाच्या बोलीत ‘आरसीसी’, म्हणून नोंदला जातो. छोटा असेल तर समरी खटला (थोडक्यात चालवला जाणारा), ‘एससीसी’. गुन्हा फक्त सत्र न्यायालयानेच चालवण्याजोगा असला की दंडाधिकारी तो वर पाठवतात, त्याला ‘कमिट’ करणे म्हणतात. वर गेल्यावर त्याला सत्र खटल्याचा नवा नंबर पडतो, तर खालच्या नोंदीत तो ‘निकाली’ दिसतो. ती नोंद पाहून पेढे वाटू नयेत. निकालाच्या स्वरूपापुढे ‘कमिट’ लिहिले आहे की निर्दोष मुक्तता, हे आधी वाचावे.

काही गुन्ह्यांचा मात्र खटलाच होत नाही. तपासाअंती पोलीस समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाकडे पाठवतात (वरच्या समरी खटल्याहून हा वेगळा). ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. पोलिसांच्या यादीत गुन्हा दिसतो आणि कोर्टात खटला सापडत नाही, तेव्हा समरी मंजूर झाली आहे का ते पाहून त्या आदेशाची नक्कल मागावी.

नकलेचा अर्ज. अर्ज छोटा असतो. न्यायालयाचे नाव, खटल्याचा प्रकार-नंबर-वर्ष, पक्षकार, पुढची तारीख किंवा निकालाची तारीख, हवा असलेला कागद, अर्जदाराचे खटल्याशी नाते आणि कारण एवढे त्यात येते. वर कोर्ट फी स्टँप लागतो, नकलेचे शुल्क पानांवर ठरते, आणि तातडीची नक्कल हवी तर आकार जास्त पडतो. हवा तो कागद निशाणी क्रमांकाने मागावा. कोर्टात दाखल होणाऱ्या कागदांवर निशाणी पडते आणि कारकून त्याच क्रमांकाने फाइल चाळतो. ‘सगळ्या फाइलची नक्कल’ मागणारा अर्ज पैसे आणि दिवस दोन्ही खातो.

काय मागावे हे कळत नसेल तर आधी रोजनामा मागावा. दर तारखेला काय घडले, कोण हजर होते, कोणता अर्ज आला, त्यावर काय हुकूम झाला, हे त्यात एकेका ओळीत असते. पाने थोडी, पण खटल्याची सगळी कुंडली तेवढ्यात उमगते. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या प्रकारातला सर्वांत दुर्लक्षित कागद हाच.

फाइल अजून चालू कोर्टात असेल तर ती त्या कोर्टाच्या कारकुनाकडून नक्कल विभागाकडे येते. निकालानंतर काही काळाने ती अभिलेख कक्षात जाते, त्याला ‘फाइल रेकॉर्डला गेली’ म्हणतात. तिथून ती काढायला वेळ लागतो. ठरलेला काळ संपल्यावर फाइलमधले कागद सरसकट ठेवले जात नाहीत, दुय्यम महत्त्वाचे कागद नियमानुसार नष्ट होतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या खटल्यात साक्षीचे कागद मिळतीलच अशी आशा धरण्यापेक्षा निकालपत्राची नक्कल आधी मागावी.

हाती आलेल्या नकलेच्या शेवटच्या पानावर एक शिक्का असतो. त्यात अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा शाईने भरलेल्या असतात. लोक निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचून कागद घडी करतात, पण वकील आधी हा शिक्का पाहतात. शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करायचे असते (फाशीच्या शिक्षेची मुदत वेगळी), आणि मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ त्यातून वजा होतो. तो काळ सिद्ध होतो या तारखांवरूनच. ई-कोर्ट्सवरून उतरवून घेतलेल्या निकालावर असा शिक्का नसतो. तो वाचायला चांगला, पण कार्यालये आणि न्यायालये त्याला प्रमाणित प्रत मानत नाहीत.

कोणाला काय मिळते. खटले खुल्या न्यायालयात चालतात, म्हणून फाइलही सर्वांना खुली असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. आरोपीला दोषारोपपत्र व सोबतचे कागद विनामूल्य मिळतात, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार तो हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. तुरुंगवासाची शिक्षा झाली तर निकालपत्राची प्रत त्याला लगेच फुकट द्यावी लागते. निकालाची झळ ज्याला बसते तो शुल्क भरून निकाल, साक्षी किंवा इतर भाग मागू शकतो (कलम ४०४). खटल्याशी संबंध नसलेल्याला, मग तो पत्रकार असो की अभ्यासक, उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही. न्यायालयीन अभिलेखाच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनीच घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात ठरवले आहे.

प्रथम खबर अहवालाची (एफआयआर) गोष्ट निराळी. फिर्यादीला त्याची प्रत विनामूल्य मिळते आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार तो साधारण २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळली जातात. दोषारोपपत्रे मात्र अशी सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मागणी त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली.

काही अभिलेख दारातच अडतात. बलात्कार व पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटल्यांत पीडितेची ओळख उघड करता येत नाही. विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाची, ओळख उघड करण्यास बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ मनाई करते, आणि प्रकरण संपले असल्यास चारित्र्य दाखल्यासाठीही पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते.

उच्च न्यायालय. सत्र खटल्याच्या निकालाविरुद्ध अपील झाले की मूळ फाइल वर मागवली जाते, आणि ती परतेपर्यंत खाली ‘रेकॉर्ड वर गेले आहे’ असे उत्तर मिळते. कोल्हापूर सत्र न्यायालयाने २००१ मध्ये निकाल दिलेला बालहत्याकांडाचा खटला उच्च न्यायालयातून २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फाशी कायम होण्यापर्यंत गेला, आणि दयेच्या अर्जाच्या निर्णयाला झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. अशा खटल्याचा अभ्यास करणाऱ्याला एकाच प्रकरणाचे निकाल तीन न्यायालयांत, वेगवेगळ्या नंबरांखाली शोधावे लागतात. तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठी, तर उच्च न्यायालयात इंग्रजी, ही भाषेची शिडीही चढावी लागते.

यासाठी पूर्वी मुंबईची रेल्वे धरावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. सीपीआर रुग्णालयासमोर, भाऊसिंगजी रस्त्यावरच्या ज्या वास्तूत पूर्वी जिल्हा न्यायालय भरे तिथेच ते बसते. जुन्या सवयीने अजूनही कुणी जिल्हा न्यायालयाचा अर्ज घेऊन तिथे पोचतो आणि कसबा बावड्याच्या रिक्षात बसतो.

संस्थानकालीन अभिलेख. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधी इथे दरबारची स्वतःची न्यायव्यवस्था होती आणि विशाळगड, बावडा (गगनबावडा), कागल, इचलकरंजी या जहागिऱ्यांकडेही मर्यादित न्यायाधिकार होते. त्या काळातल्या फौजदारी कामांचा शोध नक्कल विभागात लागत नाही. राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या कोल्हापूर पुरालेखागारात दरबारी दप्तरे चाळावी लागतात. त्यातला मोठा भाग मोडी लिपीत आहे, त्यामुळे सोबत मोडी वाचणारा न्यावा लागतो.