चष्म्याचा नंबर कोणाचा? अमेरिकेतील एका हक्काची पार्श्वभूमी

ओक्लाहोमा राज्यात एकेकाळी असा कायदा होता की, ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढून देणारा) किंवा नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी नसेल, तर फुटलेली काच पाहून तशीच दुसरी काच घालून देण्याचीही चष्मेवाल्याला मुभा नव्हती. त्याविरुद्धची तक्रार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५५ च्या निकालात न्यायालयाने ही अट पुष्कळदा निष्कारण खर्चाची ठरू शकेल हे मान्य केले, पण तिचे बरेवाईट पाहणे विधिमंडळाचे काम असून, विधिमंडळ चुकत असेल तर लोकांनी मतपेटीकडे जावे, असे सांगून कायदा कायम ठेवला. नंबरासाठी लोकप्रतिनिधींचे दार वाजवण्याची वाट एका अर्थाने इथूनच आखली गेली.

पहिला मोठा बदल मात्र फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने केला. डोळे तपासणारा आणि फ्रेम विकणारा पुष्कळदा एकच असतो. त्यामुळे कोणी नंबर लिहून देत नसे, कोणी त्याचे वेगळे पैसे घेई. १९७८ च्या नियमाने तपासणी संपताच, न मागता आणि जादा पैसे न घेता, नंबराचा कागद देणे बंधनकारक झाले. ऑप्टोमेट्रिस्टांची संघटना न्यायालयात गेली, पण जाहिरातींविषयीच्या तरतुदी फेरविचारासाठी परत गेल्या तरी १९८० मध्ये कागदाचा हक्क टिकला.

या नियमात कॉन्टॅक्ट लेन्स मात्र नव्हत्या आणि खरी ओढाताण तिथेच झाली. लेन्सच्या चिठ्ठीवर नंबरासोबत ब्रँडही लिहिलेला असतो, म्हणजे कोणती वस्तू घ्यायची ते चिठ्ठी लिहिणाराच ठरवतो. टपालाने लेन्स विकणाऱ्या कंपन्या वाढल्या, त्यांत युटामध्ये १९९५ साली सुरू झालेली ‘१-८०० कॉन्टॅक्ट्स’ ठळक होती, आणि या कंपन्या आणि ऑप्टोमेट्रिस्ट अशा दोन्ही बाजू काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांकडे खेटे घालू लागल्या. चुकीच्या लेन्सने बुबुळाला जखम किंवा संसर्ग होतो, हे ऑप्टोमेट्रिस्टांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते मांडणाऱ्यांचा विक्रीत वाटा होता, आणि ग्राहकहक्काची भाषा बोलणाऱ्या कंपन्यांचाही होताच. अखेर डिसेंबर २००३ मध्ये लेन्सच्या चिठ्ठीचाही हक्क देणारा कायदा झाला. त्यानुसार विक्रेत्याने चिठ्ठीची खातरजमा करण्यासाठी ती लिहिणाऱ्याकडे विचारणा केल्यावर कामकाजाच्या आठ तासांत उत्तर आले नाही, तर चिठ्ठी ग्राह्य धरली जाते. या गृहीतकावरचा वाद अजून मिटलेला नाही.

कागद दिल्याची रुग्णाकडून पोच घेऊन ठेवण्याची सक्ती लेन्ससाठी २०२० मध्ये आणि चष्म्यासाठी २०२४ मध्ये नियमांत आली.

राहिला एक आकडा: पीडी, म्हणजे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांच्या मध्यबिंदूंमधले मिलिमीटरमधील अंतर. काचेचा मध्य नेमका कुठे धरायचा हे त्यावरून ठरते, पण केंद्रीय नियमाने तो आकडा देणे बंधनकारक नाही. तो प्रश्न राज्यांच्या कायद्यांवर सोडलेला आहे. सुटीत पुण्याला येऊन चष्मा करून नेणाऱ्यांना ही उणीव जाणवत नाही, कारण दुकानदार स्वतः पट्टी धरून अंतर मोजतो, नमुन्याच्या काचेवर पेनाने ठिपका काढतो आणि मग ऑर्डर लिहितो. ऑनलाइन चष्मा मागवणाऱ्याला मात्र आरशासमोर उभे राहून तीच पट्टी आपल्याच नाकावर धरावी लागते, आणि म्हणूनच या आकड्याची मागणी आता राज्यांच्या विधिमंडळांपुढे जाते आहे.