जुन्या एसयूव्हीच्या इंजिनाचे काम घरी काढताना : आधी मापा, मग उघडा

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी, क्वालिस, जिप्सी. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या या गाड्या गोव्यात आजही रोजच्या कामाच्या आहेत आणि त्यांचे मालक पुष्कळदा इंजिनाचे काम घरच्या अंगणातच काढतात. काढावेही. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे, भाग मिळतात आणि साध्या पान्यांनी बरेच काही उघडते. आमच्या सुट्या भागांच्या दुकानाचे हे पत्रक अशा ग्राहकांसाठी आहे. आमचा आग्रह एकाच गोष्टीचा : इंजिन काय सांगते ते मोजल्याशिवाय भागांची यादी करू नका. धूर दिसला म्हणून रिंगा, गरम झाली म्हणून हेड गॅस्केट, असे अंदाजाने घेतलेले सामान बहुधा वाया जाते आणि मूळ दोष इंजिनातच राहतो.

मोजायचे काय

पहिले माप कंप्रेशनचे. डिझेलसाठी ४० बारपर्यंतचा गेज लागतो. पेट्रोलचा गेज तिथे टिकणार नाही. इंजिन गरम करा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, सिलिंडरमधली हवा तापवणारे सगळे ग्लो प्लग काढा (ग्लो प्लग नसलेल्या इंजिनात इंजेक्टर काढावे लागतील), पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर सोडून डिझेल बंद करा आणि प्रत्येक सिलिंडरवर सेल्फ सहा-सात फेरे मारा. चांगल्या स्थितीतले जुने डिझेल इंजिन साधारण २५ ते ३० बार दाखवते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. मात्र एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. चारातला एकच पाच बारने खाली असेल, तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे. शेजारचे दोन्ही खाली असतील, तर त्यांच्या मधे हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्या. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्याने अर्धा चमचा इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा : आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेल इंजिनात ऑइल याहून जास्त घालू नका. पिस्टनच्या वरची जागा इतकी थोडी असते, की जास्तीचे ऑइलच खोटा आकडा चढवते.

इंजिन ‘बॅक कंप्रेशन मारते’, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली ऑइलकडे सुटतो, असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा ऑइल भरायचे झाकण काढून बघा. जुन्या इंजिनातून थोडी वाफ येणारच. उलटे ठेवलेले झाकण सतत उडू लागले आणि धूर थांबेना, तर रिंगा गेल्या. पण त्याआधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइप काढून फुंकून बघा. तो चोंदला की आतला दाब क्रँकच्या सीलवाटे बाहेर पडतो. मग सील बदलतात, पुन्हा गळते, पुन्हा बदलतात. आणि दोष असतो चिखल भरलेल्या एका नळीचा.

ऑइल प्रेशरसाठी डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. प्रेशर स्विच काढून त्याच जागी साधा गेज बसवा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचा. दर १००० आरपीएमला साधारण ०.७ बार मिळत असेल तर बेअरिंगे ठीक आहेत. प्रेशर पडलेल्या इंजिनाला नुसत्या रिंगा घालणे म्हणजे अर्धे काम करून पुन्हा उघडायची तयारी करणे.

मल्टीमीटर घरात असेलच. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. किनारपट्टीवर, मोरजीपासून काणकोणापर्यंत, खारट हवेने या पट्ट्या आतून हिरव्या पडतात आणि दोष सेल्फच्या माथी मारला जातो.

गरम होणे : सर्वांत जास्त चुका इथेच

चोर्ला किंवा अनमोड घाटात सुई वर गेली की बहुतेकांची पहिली सूचना असते, ‘थर्मोस्टॅट काढून टाक’. हे करू नका. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर थंडच राहते, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो आणि बोअर लवकर झिजतो. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो, तिथे तर तो काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि गाडी अधिकच गरम होते. पातेल्यात पाणी तापवून त्यात थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर धरा. पुष्कळ थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडू लागतात. आकडा त्यावरच कोरलेला असतो. उघडला नाही तर बदला.

त्यानंतर रेडिएटर. खाणपट्ट्यातली तांबडी धूळ आणि पावसाळी चिखल फिनांमध्ये बसून विटेसारखा घट्ट होतो. पाण्याचा जोर कमी ठेवून इंजिनाच्या बाजूने बाहेर धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिना आडव्या होतात. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बाहेरून दिसत नाही, पण कचरा तिथेच जास्त असतो. रेडिएटरचे झाकण स्वस्त आहे, ते आधी बदला : ०.९ बारचे झाकण नीट धरत असेल तर साधे पाणीही ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि रबर कडक झालेले झाकण असेल तर १०० लाच उकळते. व्हिस्कस फॅन असेल तर गरम इंजिन बंद करून हाताने फिरवा. सैल, भिंगरीसारखा फिरला तर त्यातले सिलिकॉन ऑइल गेले आहे.

विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. त्यातले क्षार आणि लोह आत थर धरतात आणि ॲल्युमिनियमचे हेड पाण्याच्या वाटांपाशी कुरतडले जाते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळा. गोव्यात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा समज चुकीचा आहे. इथे ते हवे गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी.

हेड उतरवायचे ठरले तर

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हेडचा एकही बोल्ट सैल करू नका. सोडताना बाहेरून मध्याकडे आणि दर फेरीला थोडे थोडे, म्हणजे हेड वाकणार नाही. मॅनिफोल्डच्या स्टडना आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. कोरडे ओढले तर तुटणारच. ओल्या लायनरचे इंजिन (ज्यात सिलिंडरच्या नळ्यांना बाहेरून थेट पाणी लागते) असेल तर हेड काढल्यावर क्रँक फिरवू नका. लायनर जागचे उचलले जातात आणि खालचे सील सुटून पाणी खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते.

हेडवर स्टील पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेज घाला. ०.०५ मिमीचे पान जिथे शिरते तिथे लेथवाल्याकडे फेसिंगला (घासून सपाट करायला) द्या. फेसिंग किती केले हे लिहून घ्या. डिझेलमध्ये फेसिंगनंतर व्हॉल्व्ह किती आत बसले आहेत ते बघावे लागते, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून गॅस्केटची जाडी ठरते. बऱ्याच इंजिनांना दोन-तीन जाडीची गॅस्केटे मिळतात. कडेच्या खाचा किंवा छिद्रे मोजून ती ओळखायची. जुन्या गॅस्केटवरची ही खूण फेकण्याआधी मोजून ठेवा.

बोल्टच्या छिद्रात तेल किंवा पाणी राहिले तर टॉर्क रेंच क्लिक देतो, पण बोल्ट बसलेला नसतो. तो तळाच्या पाण्यावर टेकलेला असतो. कधी ब्लॉकही तडकतो. छिद्रे हवेने फुंका. बसवताना मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत. ठरावीक अंशांनी फिरवून घट्ट करायचे बोल्ट एकदा ताणले गेले की संपले, नवेच घ्या. सिलिकॉन सांगितले आहे तिथेच, तेही पातळ. आत सुटलेला जास्तीचा तुकडा ऑइल पंपाच्या गाळणीवर जाऊन बसतो.

पावसाळ्यात उघडा बोअर एका रात्रीत गंजतो. संध्याकाळी काम थांबवताना भिंतींना ऑइल लावा आणि प्लॅस्टिकने बांधा. शक्यतो मोठे काम नोव्हेंबर ते मे या काळातच घ्या, आणि चवथीच्या तोंडावर तर नकोच : लेथवाला आठवडाभर बंद असतो आणि इंजिन उघडेच राहते.

क्रँक, बेअरिंगे, बोअर हे काम घरी उतरवता येते, पण मापे मशीन शॉपमध्येच घ्या. ग्राइंडिंग ०.२५ की ०.५० मिमी हे ठरल्यावरच बेअरिंगचा सेट मागा, आधी नव्हे. नवी रिंग बोअरमध्ये सरळ उतरवून तिची फट स्वतः मोजा. दोन टोके एकमेकांना टेकली तर गरम झाल्यावर रिंग जाम होऊन बोअर ओरबाडते.

पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइल प्रेशर चढू द्या, मगच चालू करा. टर्बो असेल तर त्याच्या नळीत आधी ऑइल ओता. जुनी ऑइल नळी कार्बनने अर्धी बुजलेली असताना नवा टर्बो बसवला तर तो काही दिवसांतच निळा धूर सोडू लागतो. नळी स्वस्त आहे, टर्बो नाही. ५०० किमीनंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

सुधारणा कोणत्या कराव्यात

तांब्याचा जास्त रांगांचा रेडिएटर, पाणी कमी झाल्यावर वाजणारा अलार्म, पारदर्शक वाटीचा डिझेल-पाणी सेपरेटर, जाड अर्थिंग केबल, कॅलिब्रेट केलेले नोझल. यातले काहीही दिखाऊ नाही, पण इंजिनाचे आयुष्य यांनीच वाढते. स्नॉर्कल (इंजिनासाठी हवा उंचावरून घेणारी नळी) उपयोगी आहे, मात्र एअर फिल्टरच्या डब्याचा आणि नळ्यांचा प्रत्येक सांधा बंद असेल तरच. शिवाय डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदरही वर न्यावे लागतात. पाण्यात गाडी बंद पडली आणि हवेच्या नळीत पाणी दिसले तर सेल्फ मारू नका. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

फिल्टरनंतरच्या हवेच्या नळीत बोट फिरवा. तांबडा थर लागला तर कुठेतरी फट आहे, आणि ती धूळच रिंगा खाते आहे. डिचोली-सांगे भागात चालणाऱ्या गाडीला आम्ही कापडी ‘फ्री-फ्लो’ फिल्टर देत नाही, कागदीच घ्या.

पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायला कोणी सांगितले तर थांबा. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आणि त्याबरोबर वाढलेली उष्णता पिस्टनचे डोके जाळते. झिजलेल्या इंजिनावर तर हे अजिबात नको. जिप्सीवाल्यांनी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी जुन्या रबरी नळ्या काढून एसएई जे३० आर९ लिहिलेल्या नळ्या घालाव्यात.

इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणाच्या वेळी इंजिन नंबर तपासला जातो, हे लक्षात ठेवा.

अंगणात काम करताना

गाडी चिऱ्यांवर कधीही टेकवू नका. चिरा वजन धरतो असे वाटते आणि इशारा न देता फुटतो. जॅक फक्त उचलण्यासाठी; खाली शिरण्याआधी जॅक स्टँड लावा, आणि मातीच्या जमिनीवर त्याखाली जाड फळी घाला. काढलेले ऑइल डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या. कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) किंवा गटारात ओतलेले ऑइल पहिल्या पावसात विहिरीपर्यंत पोहोचते.

काउंटरवर येताना आरसीची प्रत, इंजिन नंबरच्या पट्टीचा फोटो आणि जुना भाग आणा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पाण्याचा पंप, गॅस्केट आणि फिल्टर बदललेले असतात. नुसते ‘बोलेरोचे द्या’ म्हटल्यावर योग्य भाग मिळेलच असे नाही. कंप्रेशन गेज आणि टॉर्क रेंच अनामत ठेवून दोन दिवसांसाठी नेता येतात.