ए-२०: एका तारेचा अडसर

‘एका दिवसात स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहा’ असे सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) बहुधा एम्युलेटरवरच, म्हणजे संगणकाचे सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्येच, चालवून दाखवलेला असतो. तोच कर्नल खऱ्या, विशेषतः जुन्या, यंत्रावर चढवला की कधी पडदा काळा राहतो, तर कधी यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होत राहते. मग ‘या मशीनलाच काहीतरी लागलंय’ असा निष्कर्ष काढला जातो. यंत्राला काहीही लागलेले नसते. त्याचा इतिहास आपण विचारलेला नसतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा होत्या, म्हणजे त्याला १०,४८,५७६ बाइट्सच दिसत. मात्र पत्ता सेगमेंट आणि ऑफसेट अशा दोन संख्यांत दिला जाई, आणि सेगमेंटला १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवण्याच्या पद्धतीने ११,१४,०९५ पर्यंतचा पत्ता तयार होऊ शके. एकविसावा बिट नेण्यासाठी तारच नसल्यामुळे असा पत्ता शून्याकडे गुंडाळला जाई, आणि काही प्रोग्राम या गुंडाळण्यावरच विसंबून होते. १९८४ मध्ये पीसी एटी आला, त्यातील ८०२८६ ला २४ तारा मिळाल्या आणि गुंडाळणे थांबले. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून आयबीएमने एकविसाव्या तारेवर (शून्यापासून मोजल्यास ती ए-२०) एक फाटक बसवले आणि त्याचे नियंत्रण कीबोर्ड कंट्रोलरच्या एका मोकळ्या पिनकडे सोपवले. मेमरीची किल्ली कीबोर्डाच्या चिपकडे, ही व्यवस्था मला आजही अचाट वाटते.

फाटक बंद असताना ही तार कायम शून्य राहते, त्यामुळे प्रत्येक विषम मेगाबाइट त्याच्या खालच्या सम मेगाबाइटवर पडतो. परंपरेने कर्नल १ एमबीच्या पत्त्यावर ठेवतात. फाटक बंद असेल तर तो प्रत्यक्षात शून्यापासून लिहिला जातो आणि पहिल्या १,०२४ बाइट्समधला इंटरप्ट व्हेक्टर टेबल (एखाद्या उपकरणाने हाक दिली की कोणता कोड चालवायचा याची यादी) पुसला जातो. बायोस (यंत्र सुरू होताच चालणारा, त्यातच बसवलेला प्रोग्राम) बूट सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा पहिला छोटा कोड, ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवतो. कर्नलची नक्कल १ एमबीवर उतरवणारा कोड अजूनही तिथेच असेल आणि कर्नल तिथपर्यंत पोहोचण्याइतका लांब असेल, तर तो कोड स्वतःवरच लिहू लागतो. बसलेली फांदी तोडणाऱ्या शेखचिल्लीचे हे यांत्रिक रूप. अनेक एम्युलेटरांत फाटक सुरुवातीपासूनच उघडे असते, म्हणून ही चूक तिथे दिसतच नाही.

फाटक उघडण्याचे मार्गही एकाहून अधिक आहेत: बायोसची सेवा, कीबोर्ड कंट्रोलर किंवा ९२एच हा पोर्ट (प्रोसेसरने इतर चिप्सशी बोलण्याचा एक क्रमांकित दरवाजा). शेवटचा सर्वांत जलद, पण त्याच पोर्टचा शून्यावा बिट यंत्र रीसेट करतो, आणि काही यंत्रांवर तो पोर्ट भलत्याच कामाला जोडलेला असू शकतो. म्हणून लिनक्सचा बूट कोड आधी फाटक उघडे आहे का ते तपासतो, मग बायोस, कीबोर्ड कंट्रोलर आणि सर्वांत शेवटी ९२एच या क्रमाने जातो, प्रत्येक प्रयत्नानंतर पुन्हा तपासतो आणि हा सारा फेरा २५५ वेळांपर्यंत करतो.

आणि चूक नेहमी रीसेटने पुसली जात नाही. २००३ मध्ये मँड्रेक लिनक्स ९.२ ने एलजीच्या काही सीडी-रॉम ड्राइव्हना कॅशे (तात्पुरता साठा) रिकामी करण्याची प्रमाणित आज्ञा पाठवली. त्या ड्राइव्हनी तिचा अर्थ ‘फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला कायमचा प्रोग्राम) बदला’ असा घेतला आणि ते निकामी झाले.