मुद्दाम पाडलेला सर्व्हर

इंदूरला रामबागेत माझ्या एका मित्राचं हिशेबाचं ऑफिस आहे. खंडेनवमीला तिथे सर्व्हरचीही पूजा होते: हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढच्या जाळीवर गंधाचं बोट. हाच सर्व्हर यंदा ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत तीनदा बंद पडला. दरवेळी कोणीतरी बटण दाबून तो सुरू केला आणि का पडला याचा मागमूस उरला नाही. मी म्हटलं, रविवारी दुपारी आपणच त्याला पाडू. मित्राचा मुलगा अस्सल इंदुरी. "काका, चल रहा है तो छेड़ो मत ना!"

एखादा प्रोग्रॅम कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मागचं आवरतो. कर्नलच चुकला तर त्याच्या वर कोणी नाही. मग तो हात टेकतो. यालाच कर्नल पॅनिक म्हणतात. लिनक्समध्ये तेव्हा पडद्यावर येणाऱ्या ओळीत 'नॉट सिंकिंग' असे शब्द असतात. डिस्कवर उतरायचा राहिलेला मजकूर आता उतरवणार नाही, असा त्यांचा अर्थ. मेमरी बिघडल्याचा संशय असताना लिहीत सुटलं तर धडधाकट फायलींचीही वाट लागायची.

मग मेमरीतला पुरावा टिपायचा कोणी? मेलेल्याने स्वतःचा पंचनामा कसा लिहायचा? लिनक्सने २००५ साली यावर केडम्प नावाची युक्ती आणली, आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. मशीन सुरू होतानाच रॅमचा एक कोपरा राखून ठेवायचा आणि तिथे दुसरा कर्नल आणून बसवायचा. एरवी तो काहीच करत नाही. पहिला गेला की ताबा थेट त्याच्याकडे जातो, बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होताना आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वाटेला न जाता. नेहमीसारखं रीस्टार्ट केलं तर रॅममधला पुरावा पुसला जाण्याची भीती असते. दुसरा कर्नल आपल्या कोपऱ्यात उठतो, पहिल्याची सगळी रॅम त्याला एका फाईलसारखी दिसते आणि ती तो डिस्कवर उतरवतो.

कोपरा वेगळा का? नेटवर्क कार्डासारखी उपकरणं प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये लिहितात. याला डीएमए म्हणतात. कर्नल मेल्याचं कार्डाला कोण सांगणार? ते नेटवर्कवरून आलेली माहितीची पाकिटं जुन्या पत्त्यावर टाकतच राहतं. दुसरा कर्नल त्याच जागेत उठला असता तर ती त्याच्याच अंगावर पडली असती. राखीव कोपऱ्याचा पत्ता मात्र पहिल्या कर्नलने कोणत्याच उपकरणाला दिलेला नसतो. (दुसरा कर्नल उठण्याआधी प्रोसेसरच्या बाकीच्या कोअरना एनएमआय, म्हणजे दुर्लक्ष न करता येणारा इंटरप्ट, पाठवून जागच्या जागी थांबवतात. हे वाक्य सोडून दिलं तरी चालेल.) विंडोजची तऱ्हा वेगळी: पेज फाईल, म्हणजे रॅममध्ये न मावणारा मजकूर ठेवायची फाईल, डिस्कवर नेमकी कुठे आहे ते आधीच टिपून ठेवायचं आणि फाईल सिस्टीमला न विचारता तिथे डम्प, म्हणजे मेमरीची नक्कल, लिहायचा.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं कोसळून त्यांचे पडदे निळे पडले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा सायबर हल्ल्यापासून शनीच्या वक्रदृष्टीपर्यंत सगळं येऊन गेलं. डम्प तपासले तेव्हा निघालं एवढंच, की त्याच कंपनीच्या एका ड्रायव्हरने, म्हणजे कर्नलमध्येच चालणाऱ्या प्रोग्रॅमने, आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली होती.

तर मित्राच्या लिनक्स सर्व्हरवर ही युक्ती खरंच चालते का ते बघायला रविवारी बॅकअप घेतला, सगळ्यांना लॉगआउट करायला लावलं. लिनक्सला पाडायला हातोडा लागत नाही. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन 'सिसआरक्यू-ट्रिगर' नावाच्या फाईलमध्ये इंग्रजी 'सी' हे एकच अक्षर लिहायचं. एंटर दाबलं. लॅपटॉपवरचा कर्सर लुकलुकायचा थांबला. सर्व्हरच्या मॉनिटरवर ओळींचा लोंढा आला, दुसरा कर्नल उठलाही, आणि 'आउट ऑफ मेमरी' म्हणून तोही आडवा झाला. राखून ठेवलेले १२८ एमबी त्याला पुरले नव्हते. म्हणजे इतके दिवस पंचनाम्याला माणूस होता, त्याच्या हातात कागद नव्हता!

कोपरा वाढवून ५१२ एमबी केला. या खेपेला एंटर मुलाने दाबलं, तेही खुर्ची पुढे ओढून. ३२ जीबी रॅमची फाईल जेमतेम एक जीबीची झाली, कारण मेमरीची शून्यांनी भरलेली आणि कॅशची, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराची तात्पुरती नक्कल ठेवलेली, पानं गाळूनच ती लिहिली जाते.

मुलगा ती लगेच सर्व्हर विकणाऱ्याला पाठवायला निघाला होता. त्याला थांबवलं. कर्नलच्या मेमरीत एन्क्रिप्शनच्या किल्ल्याही असू शकतात.