छातीत 148, मनगटावर 112

न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या सत्तरीच्या आजी. तिसऱ्या रात्री मॉनिटरवरचा आकडा एकदम दीडशेच्या घरात जातो आणि मुलगा धावत येऊन विचारतो, "डॉक्टर, ॲटॅक आला का?" मेडिसिनच्या वॉर्डात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

हा ॲटॅक नव्हे. ॲटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. आजींचा बिघडलाय तो ताल. याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन, वॉर्डातल्या बोलीत 'एएफ'.

आजींच्या मनगटावर बोटं ठेवली की ते कळतं. एक ठोका, लगेच दुसरा, मग रिकामी जागा, मग तीन घाईघाईचे. सिस्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजतात, 148. त्याच मिनिटात मी मनगटावर मोजतो, 112. मधले 36 ठोके गेले कुठे? त्या वेळी हृदय आकुंचन पावलं, पण आत रक्त भरायला सवडच मिळाली नव्हती. लाट मनगटापर्यंत पोचलीच नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही म्हणूनच नाडीचा कमी आकडा दाखवू शकतो.

एरवी ठोक्याचा हुकूम उजव्या कर्णिकेतून, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघतो, मिनिटाला 60 ते 100 वेळा. एएफमध्ये कर्णिकांच्या भिंतीत विजेच्या लहरी भरकटतात आणि भिंत मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसती थरथरते. हे सगळे संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत, जवनिकांपर्यंत पोचले तर माणूस वाचणार नाही. त्यांना अडवते ती एव्ही नोड नावाची, तुरीच्या डाळीएवढी गाठ. 1906 साली सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये तिचं वर्णन केलं. मला तरी अख्ख्या हृदयात हिच्याइतकं सुंदर काही वाटत नाही.

हृदयाच्या बहुतेक स्नायूपेशी सोडियमच्या जोरावर झटकन पेटतात. या गाठीच्या पेशींची भिस्त कॅल्शियमवर. कॅल्शियमची दारं सावकाश उघडतात आणि पूर्ववत व्हायला त्याहून वेळ घेतात. त्यामुळे संदेश जितके दाटीने येतील, तितके कमी पुढे जातात. शिवाय काही संदेश गाठीत शिरून अर्ध्या वाटेत विझतात. ईसीजीवर त्यांची खूण उमटत नाही, पण जाताजाता त्यांनी गाठीचा तेवढा भाग दमवलेला असतो. मागून येणाऱ्याला वाट मोकळी मिळेल की दमलेली, हे या न दिसलेल्या संदेशांवर ठरतं. नाडी इतकी बेताल लागते त्यामागे हे मोठं कारण आहे.

या गाठीला मेंदूकडून येणारी व्हेगस नस आवळते, म्हणजे कमी संदेश पुढे जाऊ देते. ॲड्रिनलिन सैल करतं. ताप, धाप, वेदना, कमी ऑक्सिजन या सगळ्यांत ॲड्रिनलिन वाढतं. म्हणजे आजींच्या दीडशेमागे बराचसा न्यूमोनियाच आहे. म्हणून आधी अँटिबायोटिक, ऑक्सिजन, पोटॅशियम-मॅग्नेशियमची तपासणी, थायरॉइड. आणि घरची बीटा-ब्लॉकरची, म्हणजे ठोके मंदावणारी गोळी भरतीच्या गडबडीत सुटली तर नाही ना, हेही पाहायचं. ठोके मंदावणाऱ्या औषधांपैकी डिजॉक्सिन मुख्यतः व्हेगसमार्फत काम करतं, त्यामुळे भर तापात ते तोकडं पडतं. बीटा-ब्लॉकर किंवा डिल्टियाझेम जास्त कामाचं. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर डिल्टियाझेम टाळतात. रक्तदाब कोसळला तर मात्र थांबायचं नाही, विजेचा शॉक द्यायचा. एरवी ठोक्यांचा आकडा 80 च्या खाली आणायचा हट्ट नको. कायमच्या एएफवर नेदरलँड्समध्ये झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 'रेस-2' अभ्यासात 110 च्या खालचं सैल उद्दिष्ट कडक उद्दिष्टाच्या तोडीस तोड ठरलं.

खरी भीती गुठळीची. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी छोटी पिशवी असते. भिंत थरथरत राहिली की तिच्यात रक्त साकळतं, आणि तिथली गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. एएफमध्ये हा धोका सुमारे पाचपट होतो. वय, मधुमेह, रक्तदाब, आधीचा अर्धांगवायू असा हिशेब मांडून आणि रक्तस्रावाची शक्यता तोलून गुठळी रोखणारी अपिक्साबानसारखी गोळी सुरू करतात. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेली असेल तर अजूनही जुनं वॉरफरिनच. 2022 च्या 'इनव्हिक्टस' चाचणीत अशा रुग्णांमध्ये ते नव्या गोळीपेक्षा सरस ठरलं.

या गोळीऐवजी लसूण खा, रक्त पातळ होतं, असे मेसेज फिरतात. मुळात या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. ते गोठण्याची साखळी अडवली जाते, आणि लसणाच्या पाकळीने ते काम होत नाही. ॲस्पिरिनवरही इथे विसंबता येत नाही. कृपया लसणापायी कुणाची गोळी बंद करू नका.

ताप उतरला तशी पाचव्या दिवशी आजींची नाडी सरळ झाली. आजारपणात आलेला असा एएफ पुढे पुष्कळांमध्ये परततो, म्हणून डिस्चार्ज कार्डावर तो ठळक लिहिला आणि फेरतपासणीच्या ईसीजीची तारीख घातली. मुलाला मनगटावर तीन बोटं ठेवायला शिकवलं. 15 सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. बेताल नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी लागते.